नातीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

माणूस लिफ्टमध्ये पाऊल टाकतो तेव्हा त्याची मान कशी आहे ते बघायचं, म्हणजे त्याच्या घरात काय चाललंय ते कळतं, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. गिरणी गेली त्यानंतर अंधेरीच्या एका ऑफिसात मी लिफ्टमन म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. साहेब लोक आत आले की मी तोंड दाराकडे ठेवायचो, पण आतल्या स्टीलच्या पत्र्यात सगळे दिसायचे. कोण घरी भांडून आलाय, कुणाची बढती हुकलीय, मला सगळ्यात आधी कळायचं. निदान मला तसं वाटायचं. शिक्षण माझं चौथी, तेही कोकणातल्या शाळेत, जिथं पावसात वहाळ भरला की मास्तर यायचेच नाहीत. पण माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही ही घमेंड होती, आणि ती मी लपवली नाही.

म्हणून नात बारावीला असताना म्हणाली की तिला पुढे सायकॉलॉजी घेऊन बीए करायचंय, तेव्हा मी हसलो.

रविवार होता. मी जमिनीवर पेपर पसरून सुका जवळा निवडत बसलो होतो. ती शेजारी मांडी घालून बसली आणि जवळ्याचे छोटे छोटे ढीग करून मला वर्षं समजावायला लागली. हा पहिला ढीग म्हणजे पहिलं वर्ष, त्यात सायकॉलॉजीबरोबर दुसरेही विषय घ्यावे लागतात. हा दुसरा. आपल्या बोरीवलीतल्या जवळच्या कॉलेजात हा विषय दुसऱ्या वर्षापर्यंतच आहे, शेवटच्या वर्षाला नाही, म्हणून सुरुवातच लांबच्या कॉलेजात करायची, नाहीतर मध्येच गाडी बदलल्यासारखं होईल. मग हा मोठा ढीग, एमए. त्यानंतर कुठं लोकांशी बसून बोलायला मिळणार. तिनं सगळा विचार केला होता. कॉलेजात जाऊन विचारून आली होती, तिथल्या मोठ्या मुलींशी बोलून आली होती. मी ढीग एकत्र करून सुपात टाकले.

"म्हणजे वेड्यांची डॉक्टर," मी म्हणालो.

"डॉक्टर नाही रे आबा. गोळ्या डॉक्टर देतात. हे बोलायचं काम आहे. ऐकायचं जास्त."

मी म्हटलं, बोलायला कॉलेज कशाला पाहिजे, ते मी लिफ्टमधल्या स्टुलावर बसून केलं. ती म्हणाली, तू बघत होतास आबा, ऐकत नव्हतास. मला तेव्हा ते उलट बोलणं वाटलं. तिच्या आजीनं आतून सांगितलं की जवळ्यात खडा राहिला तर दोघांनाही उपाशी ठेवीन. तेवढ्यावर विषय थांबला.

थांबला म्हणजे घरात थांबला. आमची बिल्डिंग म्हणजे जुनी चाळच उभी केलेली. पूर्वी शेजारी शेजारी राहणारे आता एकमेकांच्या डोक्यावर राहतात, एवढाच फरक. गेटजवळच्या बाकावर आम्ही म्हातारे संध्याकाळी बसतो, तिथं बातमी पोचलीच. एक जण म्हणाला, काय आजोबा, नात वेड्यांच्या इस्पितळात लागणार म्हणे, आपल्यातल्या दोघातिघांची जागा धरून ठेवायला सांगा. सगळे हसले, मीही हसलो, पण आतून जळलो. आमच्यात कॉमर्स सोडून आर्ट्सला जायचं म्हणजे पोरगं ढ निघालं असा अर्थ लावतात. माझी नात ढ नव्हती. मी सगळ्यांना सांगून बसलो होतो की ती बँकेची परीक्षा देणार, खुर्चीवर बसणार, घरातली पहिली. आता माझं तोंड खोटं पडणार होतं. खरं सांगायचं तर मला तिच्या भविष्याची काळजी कमी होती आणि बाकावरच्या माझ्या जागेची जास्त.

जानेवारीत बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा असते. पूजा भटजी सांगतात, पण ती झाली की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, हे आमच्या कोकणातल्या माणसांचं. घालणारा देवाला एकेक मागणं मोठ्यानं सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला 'होय महाराजा' म्हणतात. चाळ होती तेव्हापासून गाऱ्हाणं मीच घालत आलो होतो. आवाज माझा चांगला, शब्द अडत नाहीत. आणि एकदा देवापुढे बोललं आणि लोकांनी होय म्हटलं की ते देवाकडे गेलं, परत येत नाही, असं आम्ही मानतो. त्या पूजेला दहावी-बारावीला बसणाऱ्या पोरांना उभं करतात आणि मी प्रत्येकासाठी मागायचो. कुणाला इंजिनिअर कर, कुणाला निदान पास कर. त्यावर हशा व्हायचा, पोरं लाजायची. बरं चालायचं.

पूजेच्या सकाळी नात मला म्हणाली होती, आबा, माझ्यासाठी नुसते मार्क माग, दुसरं काही बोलू नकोस. मी बरं म्हटलं होतं.

तिची पाळी आली. समोर बाकावरचे सगळे बसलेले. ज्यानं जागा धरायची थट्टा केली होती तो गालात हसत होता. माझी जीभ सुटली.

"बा देवा महाराजा, माझ्या नातीच्या डोक्यात जा काय वेड्यांच्या डॉक्टरकीचा खूळ शिरला हा, ता भायर काढ. तिका ब्यांकेत मोठी सायबीण कर रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. हसत हसत म्हणाले. हशा मिळाला की माणसाला आणखी पाहिजे असतो.

"आणि ह्या आमच्या बिल्डिंगीत वेड्याची सावली पडाक नको रे महाराजा."

"होय महाराजा."

पुढं मी इतर पोरांसाठी मागितलं, नारळ फोडला, प्रसाद वाटायला घेतला. नात उभी होती तिथून केव्हा गेली कळलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, म्हणजे माझ्या जुन्या दोस्ताची बायको, तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, त्या पहिल्या रांगेत होत्या. प्रसादाचा द्रोण मी त्यांच्याकडे धरला तर त्या उठून गेल्या. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

त्या दिवसानंतर नात मला 'तुम्ही' म्हणायला लागली. आबा, जेवायला चला. आबा, तुमचं औषध. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, काय वळण लावलंय पोरीला.

तिनं अभ्यास केला, परीक्षा दिली. घरात सायकॉलॉजीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मेमध्ये निकाल आला तो इतका चांगला की तिला पाहिजे त्या लांबच्या कॉलेजात जागा मिळाली असती. मुलगा म्हणाला, बाबांनी देवापुढे सांगितलंय, तर बीकॉमच बघू. मुलगा माझा सरळ आहे, मला उलट बोलत नाही, मी त्याला बोलू दिलं नाही म्हणून. सुनेनं एकदाच नातीकडे बघितलं आणि पोळ्या लाटायला लागली. नात म्हणाली, चालेल.

ते 'चालेल' मला जड गेलं. मी जिंकलो होतो, आणि जिंकल्यासारखं काही वाटेना. मी बायकोला म्हटलं, पोरीची एवढीच हौस असेल तर बघू या. ती म्हणाली, "देवाफुडे घातलेला गाऱ्हाणा काय पानाची पिंक आसा, थुकलात आणि पुसलात?"

मग एका दुपारी लिफ्ट बंद पडली. मी आणि नात भाजी घेऊन जिन्यानं चढत होतो, आम्ही पाचव्यावर राहतो. तिसऱ्या मजल्याच्या खाली, जिन्याच्या वळणावर मला धाप लागली म्हणून पायरीवर बसलो. मीच विषय काढला. म्हटलं, तू भांडत का नाहीस? पूर्वी एका चॉकलेटसाठी घर डोक्यावर घ्यायचीस.

ती पिशवी खाली ठेवून बोलली, हळू, वर ऐकू जाऊ नये म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी, जिला ती ताई म्हणते, ती नोकरी सोडून बरेच दिवस घरी होती. मी समजत होतो, लग्नाचं बघतायत. तिला बंद जागेत श्वास कोंडतो, छाती धडधडते, आता मरणार असं वाटतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. एका बाईंकडे ती आठवड्याला बोलायला जाते आणि त्यानं तिला गुण येतोय. लिफ्टमध्ये ती पाऊल टाकू शकत नाही. नात तिच्या सोबतीनं जिना चढायची, तिचं ऐकायची, आणि त्यातूनच तिला हे शिकावंसं वाटलं. हे कुणाला सांगायचं नाही असं ताईनं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिनं घरात आईलाही सांगितलं नव्हतं.

"आणि तुम्ही देवापुढे वेड्याची सावली म्हणालात. ताईची आई, मावशी, समोर बसली होती. तिनं पण म्हटलं, होय महाराजा. सगळ्यांत म्हणावंच लागतं ना. ताईला वाटतं मी घरी सांगितलं, म्हणून तुम्ही बोललात. ती आता मला दार उघडत नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "जिच्यावर एका माणसाचा विश्वास राहिला नाही, तिनं हे शिकून काय करायचं आबा? बँकच बरी."

पिशवी उचलून ती वर गेली. मी तिथंच बसून राहिलो. मला आठवत होतं ते गाऱ्हाणं नव्हतं. मला आठवत होता आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा दरवाजा. ती मुलगी जिन्याकडे वळायची तेव्हा मी लिफ्टमधून दार धरून तिला म्हणायचो, लिफ्ट चावता काय गो तुका? एकदा नाही, भेटली की म्हणायचो. ती मान खाली घालून हसायची आणि चढत जायची. मी घरी येऊन सांगायचो की पोरगी माजोरडी झालीय, म्हाताऱ्याबरोबर लिफ्टमध्ये यायला कमीपणा वाटतो. ज्यानं सगळी उमर लिफ्टमध्ये माणसं ओळखली म्हणून छाती काढली, त्याला लिफ्टच्या दारात उभी असलेली घाबरलेली पोर ओळखता आली नाही. स्टीलच्या पत्र्यात मी काय बघत होतो देव जाणे. बहुतेक स्वतःलाच बघत असेन.

पुढचे दिवस मी नीट जेवलो नाही, पण तिसऱ्या मजल्यावर गेलोही नाही. माझ्यासारख्या माणसाला खाली मान घालून कुणाच्या दारात उभं राहण्यापेक्षा उपास सोपा जातो. अ‍ॅडमिशनची मुदत संपत आली तशी मुलानं बीकॉमचं कॉलेज नक्की करायला घेतलं, तेव्हा उठलो. एक नारळ घेतला आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट चालू झाली होती तरी जिन्यानं उतरलो.

वहिनींनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी नारळ पुढे करून म्हटलं, वहिनी, पूजेला माझ्याकडून नको ते बोललं गेलं, तुमच्या मुलीच्या बाबतीत मला...

तिथं माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. वहिनींचा चेहरा बंद झाला. पाठीमागे आतल्या खोलीचा पडदा हलला.

"म्हणजे पोरीनं तुम्हाला सांगितलं तर," त्या म्हणाल्या.

मी माफी मागायला गेलो आणि नातीवरचा आळ माझ्याच तोंडानं पक्का करून दिला. पूजेच्या वेळी तिनं मला काही सांगितलं नव्हतं, हे खरं. पण आता मला माहीत होतं आणि ते मला तिच्याकडूनच कळलं होतं, हेही खरं. त्या दोन खऱ्या गोष्टी त्या दारात कुणाला सोडवून सांगणार? आणि पडद्यामागची मुलगी ऐकत होती.

"नाही," मी म्हणालो. "तिनं एक अक्षर सांगितलं नाही. मी लिफ्टवाला आहे वहिनी. माणूस जिना का चढतो ते मला कळतं. मला आधीपासूनच ठाऊक होतं."

आयुष्यभर जी बढाई मारली तीच मी पुन्हा मारली. या वेळी ती खोटी आहे हे मला माहीत होतं, एवढंच वेगळं.

वहिनींनी दार निम्मं ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "ठाऊक होतं, आणि तरी तसं बोललात भाऊजी? आणि माझ्याकडून होय म्हणवून घेतलंत?"

हा प्रश्न येणार हे मला बोलण्याआधी सुचलं नव्हतं. न कळता बोललो म्हटलं असतं तर मी सुटलो असतो आणि नात अडकली असती. मी मान हलवली. होय म्हणालो.

नारळ त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "माझ्या घरी गाऱ्हाणं नको. जिथं बोललात तिथं परत घ्या. पण माझ्या लेकीचं नाव तोंडातून काढू नका." आणि दार लावून घेतलं.

मे महिन्यात पाण्याची बोंब असते. त्याच आठवड्यात टँकरच्या प्रश्नावर सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलं होतं, पूजा होते तोच हॉल. सेक्रेटरीचं बोलून झालं, टाकी कोण भरून ठेवतो यावर भांडून झालं, लोक उठायला लागले, तेव्हा मी उभा राहिलो. हातात तोच नारळ होता. देव मांडलेला नव्हता, पाठीमागे फक्त प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती. पूर्वी कधी अडला नाही असा माझा आवाज सुरुवातीलाच फाटला.

मी गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, देवा महाराजा, पूजेच्या दिवशी ह्या तोंडान जा काय वेड्यांच्या नावान बोललंय, ता माझ्या घमेंडीन बोललंय, ता परत घेतंय. मन दुखता तेका वेडा म्हणणारो मी अडाणी, माका शाणो कर. माझ्या नातीक जा शिकाचा आसा ता शिकान दी रे महाराजा.

आणि थांबलो. इथं लोकांनी होय महाराजा म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. कुणाला वाटलं म्हातारा सरकला. माझा मुलगा भिंतीला टेकून उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. बाकावरचा एक जण म्हणाला, आजोबा, पाण्याचं पण मागून घ्या त्यात. थोडे हसले. मी तसाच उभा. मग मागून आमच्या म्हातारीचा आवाज आला, रागावल्यासारखा, होय महाराजा. तिच्या मागून मुलगा म्हणाला. मग तुरळक इकडून तिकडून. वहिनी शेवटच्या रांगेत होत्या. त्या गप्पच होत्या. चपला घालून निघून गेल्या.

घरी आल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून नातीबरोबर लांबच्या कॉलेजात जायला तयार झाला. नात मात्र तयार होईना. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून तिला हाक आली. ती खाली गेली ती जेवायच्या वेळेपर्यंत आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते. बापाला म्हणाली, उद्या सकाळी लवकर निघू.

मग माझ्यापाशी येऊन बसली.

"ताई म्हणाली, तुला आधीपासून माहीत होतं. तू मुद्दाम बोललास."

"हां," मी म्हटलं.

"खोटं का बोललास आबा? जिन्यावर तुझं तोंड मी बघितलंय. तुला काय पण माहीत नव्हतं."

मी म्हटलं, ते तू पोटात ठेव. तुला आता शिकायचंच आहे ते. तिनं ताईला खरं सांगू का म्हणून विचारलं, तेव्हा मी आवाज चढवला आणि नाही म्हटलं. सांगितलं असतं तर पुन्हा सगळं तिच्याच अंगावर आलं असतं. सायकॉलॉजीचा पहिला धडा मी तिला खोटं सांभाळायचा दिला, असं आता मनात येतं.

नात आता दुसऱ्या वर्षाला आहे. जवळ्याचे ढीग करत नाही, पण कधी कधी रात्री जेवताना वर्गातलं काहीतरी सांगते आणि मी ऐकतो. मध्येच माझं काहीतरी घुसडायला जीभ शिवशिवते, ती आवरतो. ताई जिन्यानंच जाते-येते, पण आता नोकरीला जाते, आणि दोघी जिन्यात मोठ्यानं हसतात ते पाचव्यापर्यंत ऐकू येतं. वहिनी मात्र मी लिफ्टमध्ये असलो की मागे सरकतात. म्हणतात, तुम्ही जा. त्यांच्या लेखी मी तो माणूस आहे ज्याला सगळं ठाऊक होतं. मी बटण दाबतो. दार लागेपर्यंत त्यांच्याकडे बघत नाही, स्टीलच्या पत्र्यातही नाही.

त्यानंतर पूजेला गाऱ्हाणं मी घातलं नाही. घसा बसलाय सांगितलं. बाकावरच्याच एकानं घातलं, बरंच अडखळत घातलं. मी पहिल्यांदाच लोकांत मांडी घालून बसलो होतो. तो काय मागतोय ते पुढच्या गडबडीत नीट ऐकू येत नव्हतं, आणि आजूबाजूचे होय महाराजा म्हणत होते. माझे ओठ हलले, पण मी थांबलो. शेजारी बसलेल्या नातीला कानात विचारलं, आधी सांग, काय म्हणाला तो.